वजनाची किंमत कोठे मोजावी? : बैठ्या भूमिकाखेळांतील ग्लायडिंग साधनांच्या वजनमर्यादांचा चिकित्सक अभ्यास

सारांश :
बैठ्या भूमिकाखेळांच्या नियमपुस्तकांत उडणाऱ्या व तरंगणाऱ्या साधनांसाठी वजनमर्यादा कधी काटेकोरपणे दिलेली असते, तर कधी ती अजिबात आढळत नाही. प्रस्तुत लेखात अशा काही नियमांची चिकित्सा केली आहे. हे नियम पायी ओझे वाहण्याच्या अनुभवावर उभे असल्यामुळे ग्लायडिंगचे वास्तव त्यांत उलटे उमटते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ग्लायडिंगमध्ये वजनाची किंमत अंतरात मोजावी लागत नाही. ती झेप घेताना आणि जमिनीवर उतरताना, म्हणजे दोन टोकांना मोजावी लागते. नियम या दोन टोकांवर बांधला तर तो अधिक खरा ठरतो आणि कथेलाही अधिक उपकारक ठरतो.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, नियमसंहिता, भारवहन, ग्लायडिंग, कथात्म कार्यकारणभाव.

प्रस्तावना :
सारीपाट, कवड्या व मोक्षपट यांच्या रूपाने बैठ्या खेळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. या खेळांत सोंगटीला घर असते, परंतु तिला वजन नसते. मोक्षपटावर शिडी चढणारा आणि सापाच्या तोंडातून खाली येणारा जीव किती ओझे घेऊन निघाला आहे, हे कोणी विचारत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि बैठ्या खेळाचा एक वेगळा प्रकार रूढ झाला. यात पट दुय्यम असतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन बोलतो व निर्णय घेतो. एक जण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो. जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या प्रकाराला येथे 'बैठा भूमिकाखेळ' म्हटले आहे. यातील पात्राला शरीर असते, शरीराला ताकद असते आणि पाठीवर पिशवी असते. त्यामुळे वजनाचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उद्भवतो.

नियमपुस्तक हाही एक मजकूर आहे. कादंबरीतील कार्यकारणभाव लेखक घटनांतून सूचित करतो, तर भूमिकाखेळातील कार्यकारणभाव नियमांच्या रूपाने उघडपणे लिहिलेला असतो. 'असे केले तर तसे होईल' ही प्रत्येक ओळ जगाविषयी केलेले एक विधान असते. म्हणून साहित्यसमीक्षेची दृष्टी या मजकुराला लावणे अप्रस्तुत ठरत नाही. नियम जगाविषयी काय सांगतो व खेळाडूला कोणत्या निवडीपुढे उभे करतो, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

उद्दिष्टे :
१) भूमिकाखेळांतील वजनविषयक नियमांचे स्वरूप पाहणे.
२) उडणाऱ्या व तरंगणाऱ्या साधनांच्या निवडक नियमांची ग्लायडिंगच्या वास्तवाशी तुलना करणे.
३) मराठी कथापरंपरेतील वजनाच्या कल्पनेशी या नियमांचे नाते तपासणे.
४) पर्यायी नियमाची रूपरेषा सुचविणे.

१. नाण्यांतून मोजलेले ओझे :
'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आरंभीच्या आवृत्तीत ओझे सुवर्णनाण्यांच्या वजनात मोजले जाई. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. रुपयाच्या नाण्याचे वजन एक तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हे कोष्टक मागील पिढ्यांना तोंडपाठ होते. नाणे हेच वजनाचे माप असल्यामुळे लाभ व ओझे यांचा हिशेब एकाच परिमाणात होई. जितकी लूट अधिक, तितकी चाल मंद. एका साध्या मापातून लोभाला किंमत जोडणारा हा नियम मार्मिक होता.

पुढील आवृत्त्यांत हे माप पौंडांवर आले. पूर्वी दहा नाण्यांचा एक पौंड धरला जाई, १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून पन्नास नाण्यांचा धरला जाऊ लागला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या ताकदीच्या अंकाला पंधराने गुणले असता जे पौंड येतात तितके ओझे ते वाहू शकते. म्हणजे दहा ताकदीच्या सामान्य माणसाला १५० पौंड, सुमारे ६८ किलो, वाहता येतात. अधिक काटेकोर असा एक ऐच्छिक नियमही त्याच पुस्तकात आहे. त्यानुसार ताकदीच्या पाचपटीपुढे ओझे गेले की चाल १० फुटांनी घटते व दहापटीपुढे गेले की २० फुटांनी घटते. २०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीने पौंड सोडून 'बल्क' नावाचे ढोबळ माप स्वीकारले. त्यात वजनाबरोबर वस्तूचा अवजडपणाही धरलेला आहे. या सर्व पद्धतींत एक समान गृहीतक आहे : ओझे वाढले की गती कमी होते. पायी चालणाऱ्या हमालाच्या बाबतीत ते निर्विवाद खरे आहे.

२. हमालाचा नियम आकाशात :
अडचण सुरू होते ती हेच गृहीतक आकाशात नेल्यावर. पाचव्या आवृत्तीतील उडता झाडू ४०० पौंडांपर्यंत वजन नेतो, परंतु २०० पौंडांपुढे त्याचा वेग ५० फुटांवरून ३० फुटांवर येतो. उडत्या गालिच्याचे चार आकार दिले आहेत. सर्वांत लहान गालिचा २०० पौंड नेतो व ८० फूट वेगाने उडतो, तर सर्वांत मोठा ८०० पौंड नेतो व ३० फूट वेगाने उडतो. ही साधने मंत्रबळाने चालतात, म्हणजे त्यांना स्वतःचे 'इंजिन' आहे. त्यामुळे ओझ्याने वेग घटणे येथे समजण्यासारखे आहे. तरी २०० पौंडांना एक वेग आणि २०१ पौंडांना दुसरा, ही उडी हिशेबाच्या सोयीची आहे. निसर्ग अशा पायऱ्या पाडत नाही.

खऱ्या अर्थाने तरंगणाऱ्या साधनांची स्थिती याहून वेगळी आहे. २०१५ च्या 'प्रिन्सेस ऑफ द अपोकॅलिप्स' या साहसपुस्तकात 'विंगवेअर' नावाचा पंखवेष आहे. तो घालणाऱ्याला ३० फूट उडता येते व प्रत्येक पाळीअखेर त्याची उंची ५ फुटांनी घटते. एका पाळीत किमान ३० फूट आडवे अंतर कापले नाही, तर तो थेट जमिनीवर येतो. म्हणजे सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असे हे प्रमाण आहे. २०१८ च्या 'गिल्डमास्टर्स गाइड टू रॅव्हनिका'मधील एका संकरित जमातीला माशाच्या परासारखे पडदे असतात. तिच्यासाठी हे प्रमाण दोनास एक आहे. या दोन्ही नियमांत घसरणीचे प्रमाण दिले आहे, परंतु शरीराच्या किंवा पिशवीच्या वजनाचा विचार नाही.

वजनाचा विचार नसणे म्हणजे वजनाचा परिणाम नसणे, असे मात्र होत नाही. वर उल्लेखिलेला ओझ्याचा ऐच्छिक नियम पंखवेषाच्या उडण्याच्या वेगालाही लागू केला, तर विचित्र परिणाम निघतो. दहा ताकदीच्या पात्राकडे ५० पौंड ओझे असेल तर ते निर्वेध तरंगते. ५१ पौंड झाले की त्याचा वेग २० फुटांवर येतो, ३० फुटांची अट पुरी होत नाही व ते खाली येते. धाव घेण्यात पूर्ण पाळी खर्च करणे एवढाच उपाय उरतो. एका पौंडाने तरंगणारा माणूस कोसळतो. दोन नियम स्वतंत्रपणे निर्दोष असूनही त्यांच्या संयोगातून कोणीही न योजिलेली भिंत उभी राहते. अशा वेळी सूत्रधार आपल्या अंदाजाने निवाडा देतो आणि खेळाडूला तो मनमानी वाटू शकतो. वजनाच्या नियमाची चिकित्सा आवश्यक ठरते ती येथे. प्रश्न काही पौंडांचा असला तरी खेळाडू व सूत्रधार यांच्यातील विश्वास त्यावर अवलंबून असतो.

३. उतरणीवरची भरली गाडी :
ग्लायडरला इंजिन नसते. तो हवेच्या सापेक्ष सतत खाली येत असतो व गमावलेल्या उंचीच्या मोबदल्यात पुढे जातो. भरल्या बैलगाडीचे ओझे चढणीला मागे खेचते आणि उतरणीला पुढे ढकलते, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ग्लायडिंगचा सारा प्रवास उतरणीचाच आहे.

शांत हवेत एकूण वजन वाढले तरी घसरणीचे प्रमाण तत्त्वतः तेच राहते, कारण ते उद्धरणबल व अवरोध यांच्या गुणोत्तरावर ठरते. वाढतो तो वेग, आणि तोही वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. समजा, ८० किलो एकूण वजनाचा ग्लायडर सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जातो. वजन १२० किलो झाले तर तोच वेग सेकंदाला सुमारे १२.२५ मीटर, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर होतो. अंतर तेवढेच राहते, फक्त ते लवकर कापले जाते. स्पर्धेतील ग्लायडरचालक अनुकूल दिवशी पंखांत मुद्दाम पाणी भरून वजन वाढवतात आणि उतरण्यापूर्वी ते सोडून देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

मग मर्यादा कशासाठी? पुणे जिल्ह्यातील कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग चालते आणि हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. अशा ठिकाणी उड्डाणापूर्वी वजनाला महत्त्व दिले जाते, त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण झेप. वजन वाढले की हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग वाढतो, म्हणून अधिक धाव किंवा अधिक उंची लागते. दुसरे उतरणे. वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो व गतिज ऊर्जेत वजन पुन्हा गुणले जाते. त्यामुळे उतरतानाची ऊर्जा वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दीडपट वजनाला ती सव्वादोनपट होते. तिसरे कारण साधनाची मजबुती. ६० अंशांच्या तिरक्या वळणात पंखावरचा भार दुप्पट होतो. पॅराग्लायडरच्या युरोपीय प्रमाणचाचणीत कमाल वजनाच्या आठपट भार पेलण्याची अट आहे, ती यासाठीच.

४. उदगीरचा तट आणि माहूरचा डोंगर :
या विवेचनाचा खेळात काय उपयोग, हे एका काल्पनिक प्रसंगातून पाहू. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. सूत्रधाराने आपली कथा याच काळात घातली आहे. एक जासूद पंखवेष घालून रात्री किल्ल्याच्या तटावरून झेप घेतो. त्याचे साधनासह वजन ८० किलो आहे आणि कमरेला ४० किलोंची थैली आहे. पाचव्या आवृत्तीच्या हिशेबाने तीत सुमारे ४,४०० नाणी होतात, तोळ्याच्या रुपयांत मोजले तर सुमारे ३,४३०. तट २० मीटर उंच धरू व घसरणीचे प्रमाण सहास एक घेऊ.

उभ्या जागेवरून झेप घेणाऱ्याला वेग मिळविण्यासाठी आधी उंची खर्चावी लागते. ढोबळ हिशेबाने सेकंदाला १० मीटर वेगासाठी सुमारे ५ मीटर उंची जाते आणि १२.२५ मीटर वेगासाठी साडेसात मीटरांहून थोडी अधिक. म्हणून थैलीशिवाय जासूद सुमारे ८९ मीटर जातो व थैलीसह ७४ मीटर. हा फरक १५ मीटरांचा, म्हणजे सतरा टक्क्यांचा आहे. खंदक ओलांडणे वा त्यात पडणे एवढ्यावर ठरू शकते. आता तीच झेप माहूरसारख्या गिरिदुर्गावरून, खाली २०० मीटर उतार धरून घेतली असे समजू. थैलीशिवाय सुमारे १,१७० मीटर आणि थैलीसह १,१५५ मीटर. फरक तोच १५ मीटरांचा आहे, परंतु येथे तो जेमतेम सव्वा टक्का भरतो.

यावरून निघणारा निष्कर्ष कोणत्याही 'इतक्या पौंडांपर्यंत' या धर्तीच्या नियमात सामावत नाही. भुईकोटाच्या तटावर वजन निर्णायक ठरते, तर डोंगरावर अंतराच्या दृष्टीने ते जवळजवळ नगण्य आहे. मात्र दोन्ही ठिकाणी उतरताना जासुदाचे पाय सव्वादोनपट ऊर्जेला सामोरे जातात.

५. हलक्या प्रवाशाची उपेक्षा :
नियमकर्त्यांच्या नजरेतून जवळजवळ पूर्णपणे सुटलेली बाब म्हणजे वजनाची खालची मर्यादा. खऱ्या पॅराग्लायडरला कमाल वजनाबरोबर किमान वजनही ठरलेले असते. फार हलका प्रवासी असेल तर पंखाला पुरेसा ताण मिळत नाही आणि अस्थिर हवेत तो मिटण्याचा धोका वाढतो. वरच्याच उदाहरणात एकूण वजन ४० किलो धरले तर वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर उरतो. समोरून तेवढाच वारा असेल तर प्रवासी जागच्या जागी खाली येतो, आणि ८० किलोंचा प्रवासी मात्र पुढे सरकत राहतो. भूमिकाखेळांत बुटक्या जमातींची पात्रे लोकप्रिय आहेत. 'हलके म्हणजे उडायला सोपे' या समजुतीने त्यांना तरंगसाधने सहज दिली जातात. वास्तवात प्रत्येक पंख विशिष्ट देहासाठी बेतलेला असतो.

देहाचा आकार व पडण्याचा परिणाम यांचा संबंध जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या योग्य आकारमानावरील निबंधात विशद केला होता. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. उंचावरून पडलेला उंदीर वाचतो व मोठा प्राणी वाचत नाही, हे त्यांनी दाखविलेले वास्तव आहे. पाचव्या आवृत्तीत मात्र दर दहा फुटांच्या पतनाला एक सहापैलू फासा इजा करतो, मग पडणारा उंदीर असो वा हत्ती. पतनाच्या नियमातच वजन नसेल, तर तरंगण्याच्या नियमात ते योग्य जागी येणे कठीण आहे.

६. पुष्पक आणि तुळशीपत्र :
येथे एक आक्षेप संभवतो. कल्पित जगात भौतिकशास्त्र कशाला? आपल्या कथापरंपरेत पुष्पक विमानात कितीही जण बसले तरी जागा उरते आणि वजनाची चर्चा होत नाही. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याच परंपरेत तुळाभाराची कथाही आहे. सत्यभामेचे सारे सुवर्ण श्रीकृष्णाच्या पारड्याला उचलू शकत नाही व रुक्मिणीचे तुळशीपत्र ते उचलते. हिमालयाच्या वाटेवर भीमाला वृद्ध वानराचे शेपूट हलविता येत नाही, तीही कथा वजनाचीच आहे. या कथांत वजन भौतिक नियम पाळत नाही, परंतु ते अर्थहीनही नाही. ते नेहमी कशाची तरी किंमत सांगते : अहंकाराची, भक्तीची, बळाच्या गर्वाची. म्हणून कल्पित जगात वजनाचा नियम खरा असावा की नसावा, हा प्रश्न अपुरा आहे. वजन कथेत काय काम करते, हा खरा प्रश्न होय.

भिंतीसारखी मर्यादा या कसोटीवर दुबळी ठरते. तिचा निर्णय झेपेपूर्वी, जमिनीवर, वहीतल्या बेरजेत होतो. खेळाडू दोन वस्तू खाली ठेवतो व उडतो. याउलट किंमत दोन टोकांना ठेवली तर निर्णय हवेत होतो. जासूद तटावरून सुटला आहे, जमीन वेगाने वर येते आहे आणि थैली अजून कमरेला आहे. ती सोडावी की पाय मोडण्याची जोखीम घ्यावी? ग्लायडरचालक उतरण्यापूर्वी पाणी सोडतो, तसाच हा क्षण आहे. वास्तव आणि नाट्य येथे एकमेकांच्या आड येत नाहीत.

७. पर्यायी नियमाची रूपरेषा :
प्रत्येक तरंगसाधनाला प्रवाशासह एक 'नियत भार' द्यावा आणि पुढील चार ओळींत नियम बसवावा.
१) नियत भारापर्यंत : उभ्या झेपेत साधारण १७ फूट उंची खर्च होते; पुढे घसरणीचे प्रमाण साधनाप्रमाणे; उतरणे सुलभ.
२) नियत भाराच्या दीडपटीपर्यंत : घसरणीचे प्रमाण तेच, वेग सव्वापट, झेपेत २५ फूट उंची खर्च, उतरताना फासा टाकणे आवश्यक व चुकल्यास इजा दुप्पट. ओझे हवेत सोडल्यास ही अट उठते.
३) दीडपटीपुढे : वरील सर्व, शिवाय प्रत्येक तीव्र वळणाला साधन फाटण्याची शक्यता.
४) नियत भाराच्या निम्म्याखाली : वेग पाऊणपटीहून कमी, समोरचा वारा जोराचा असल्यास आडवी प्रगती नाही.

यात वर्गमूळ काढावे लागत नाही आणि पौंडांची बारीक बेरीजही करावी लागत नाही. 'बल्क'सारख्या ढोबळ मापावरही हा नियम चालेल. नियम जितका अचूक तितका किचकट, या सर्वमान्य समजुतीला हे एक उत्तर आहे. किचकटपणा येतो तो चुकीच्या जागी बारकावे भरल्यामुळे.

निष्कर्ष :
१) प्रचलित नियमांत उडण्याच्या वजनमर्यादा पायी भारवहनाच्या प्रतिमेवर बेतलेल्या आहेत. शुद्ध तरंगसाधनांच्या नियमांत वजन बहुधा अनुल्लेखित राहते व इतर नियमांच्या संयोगातून अनपेक्षित रूपात प्रकट होते.
२) ग्लायडिंगमध्ये वजनाची किंमत झेपेत व उतरण्यात मोजावी लागते, मधल्या अंतरात नव्हे. कमी उंचीवर तिचे महत्त्व वाढते.
३) किमान वजनाची मर्यादा ही नियमपुस्तकांतील ठळक उणीव आहे.
४) किंमत दोन टोकांना ठेवणारा नियम खेळाडूला अर्थपूर्ण निवड देतो.

शेवटी अध्यापकवर्गासाठी एक मुद्दा नोंदविणे आवश्यक वाटते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात आजही सांगितली जाते, परंतु त्या कथेला विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथातील आराखडे तपासले आणि ती याने उडू शकत नाहीत असा निर्वाळा दिला. अशा कथा ऐकताना विद्यार्थ्याच्या मनात 'वजन किती, पंख केवढे, वेग किती' हे तीन प्रश्न उभे राहत नाहीत, ही आपल्या अध्यापनाची चिंता आहे. वर्गात हे प्रश्न सांगून रुजत नाहीत. खेळाच्या मेजाभोवती, आपल्याच पात्राच्या पायाची हाडे पणाला लागलेली असताना, ते आपोआप विचारले जातात. म्हणून तो नियम खरा असणे अगत्याचे आहे. चुकीचा नियमही तितक्याच सहजतेने शिकवत असतो.